अंगणातील उजेड : एका अस्थिरोगतज्ज्ञाचा कबुलीजबाब

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा फर्मावले की, "डॉक्टर, वैद्यकाबाहेरचे काहीतरी लिहा." आमच्या सहव्यवसायी बंधुभगिनींपैकी कोणी हिमालय पालथा घालतात, कोणी अभंग गातात, कोणी गुलाबांच्या जाती जमवितात. प्रस्तुत लेखकाजवळ यांपैकी काहीच नाही. अलीकडच्या काही वर्षांत दवाखान्याबाहेर मी मन लावून एकच काम केले, ते म्हणजे घराभोवती दिवे बसविणे. विषय क्षुल्लक वाटेल. तोही वैद्यकाबाहेर राहिला नाही, याची संपादकांनी आधीच क्षमा करावी.

आमचे घर बेळगावच्या जुन्या वसाहतीत आहे. वडिलांनी ते बांधले तेव्हा सारा दगड जांभाच वापरला. पडवीतून अंगणात उतरायला जांभ्याच्याच पाच पायऱ्या, पुढे शहाबादी फरशीची वाट, वाटेच्या मध्यावर तुळशीवृंदावन आणि शेवटी लोखंडी फाटक. दोन्ही बाजूंस आंबा, फणस आणि पारिजातक. आपल्याकडचा पाऊस आपणां सर्वांस ठाऊक आहेच. जांभा पाणी पितो आणि त्यावर हिरवे शेवाळ धरते. या सगळ्यावर पडवीतील चाळीस वॅटचा एक पिवळा बल्ब जितका उजेड टाकील तितकाच. आमची आई तिच्या एकोणऐंशीव्या वर्षीदेखील रोज तिन्हीसांजेला निरांजन घेऊन त्याच पायऱ्या उतरून तुळशीकडे जात असे.

२०२२ सालच्या श्रावणात तिचा पाय घसरला. कठड्याला धरून ती सावरली, काही झाले नाही. पण घाबरलो मी. ज्याच्या टेबलावर आठवड्यातून दोन-तीनदा तरी मोडलेला खुबा येतो, त्याला आईचा घसरलेला पाय हा पुढच्या क्ष-किरण चित्रासकटच दिसतो. मी तात्काळ निर्णय घेतला. दिवाळीपूर्वीच्या घाईत कोणाकडून तरी पन्नास वॅटचे दोन एलईडी फ्लडलाइट बसवून घेतले, एक पडवीच्या तुळईवर आणि दुसरा फाटकाच्या खांबावर, घराकडे तोंड करून. जुना बल्ब फार तर चारशे ल्युमेन प्रकाश देत असेल. हे नवे प्रत्येकी पाच हजारांच्या घरातले. रंग पांढराशुभ्र, किंबहुना निळसर. दिवाळीला आलेल्या पाहुण्यांनी "डॉक्टरांचे अंगण म्हणजे दिवसच" असे म्हटले आणि मी ते प्रशस्तिपत्र समजून खिशात घातले.

आई मात्र पहिल्याच दिवशी म्हणाली, "अरे, ते दिवे बंद कर बघू. मला काही दिसेना झालंय. लाईट गेली की उलट बरं दिसतं."

मी हसलो. एवढेच नव्हे, तर फराळाच्या वेळी ही गंमत म्हणून चारचौघांत सांगितली. एका डॉक्टरला त्याच्या रुग्णाने इतके अचूक लक्षण इतक्या स्वच्छ शब्दांत सांगावे आणि त्याने त्यावर हसावे, हा माझ्या व्यवसायातील सर्वात लाजिरवाणा प्रसंग. तो पुढे केव्हा तरी लिहावा लागणार हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, दोन्ही दिवे लखलखत असताना, आई तिसऱ्या पायरीवरून पडली. हात टेकून पडली, त्यामुळे खुबा वाचला आणि उजवे मनगट मोडले. पाठ केलेल्या काट्याच्या आकाराचे ते मनगट मी दारातूनच ओळखले. डब्लिनच्या अब्राहम कोलिस यांनी या अस्थिभंगाचे वर्णन १८१४ साली केले, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ८१ वर्षे आधी, केवळ बोटांनी चाचपून. हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी मोठ्या कौतुकाने सांगतो. त्या दिवशी मला ते काही सुचले नाही. हाड मी बसविले नाही. माझा हात स्थिर नव्हता. शेजारच्याच रुग्णालयातील मित्राच्या स्वाधीन केले. दुसऱ्या दिवशी आईने प्लास्टरच्या हातानेच तुळशीवर अक्षता टाकल्या.

मला राहून राहून एकच प्रश्न सतावत होता. अंधारात इतकी वर्षे न पडलेली बाई उजेडात कशी पडली?

त्याचे निम्मे उत्तर आमच्या नेत्रतज्ज्ञ मित्राने दिले. तो तिसऱ्या संध्याकाळी आईला भेटायला आला तोच कपाळावर तळहात धरून. फाटकातून आत येताना पाठीमागचा दिवा आणि समोरचा दिवा यांच्या कात्रीत त्याला स्वतःलाच पायऱ्या दिसेनात. आत येऊन त्याने आईला विचारले, "काकू, दुपारी उन्हात कसं दिसतं?" आई म्हणाली, "धुरकट. संध्याकाळी बरं." हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने बाहुल्या विस्फारून तपासणी केली आणि दोन्ही डोळ्यांत भिंगाच्या मागच्या आवरणाखालचा मोतीबिंदू दाखविला. हा प्रकार मधुमेहींत अधिक आढळतो आणि आई पंधरा वर्षांची मधुमेही.

आपणांपैकी जे नेत्रतज्ज्ञ नाहीत त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारख्या परीक्षेपुरते शिकून विसरलेल्यांसाठी, थोडे विवेचन. हा गढूळ ठिपका भिंगाच्या बरोबर मध्यभागी, दृष्टीच्या वाटेवर असतो. प्रकाश मंद असला की बाहुली मोठी होते आणि ठिपक्याच्या कडेने पुरेसे किरण आत जातात. झगझगीत दिवा समोर आला की बाहुली आकसते, आणि उरलेल्या चिंचोळ्या वाटेवर नेमका तो ठिपकाच आडवा येतो. जे किरण आत शिरतात तेही विखुरतात आणि सबंध दृष्टिपटलावर पांढरे धुके पसरते. आईचे "लाईट गेली की बरं दिसतं" हे वाक्य पाठ्यपुस्तकातून उचलल्यासारखे होते. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया २०२३ च्या जानेवारीत झाली, डाव्याची मार्चमध्ये.

"आता तर प्रश्न मिटला," असे मी म्हणालो. मित्र म्हणाला, "डोळ्याचा मिटला. दिव्याचा नाही." त्याने मला पडवीत उभे करून पायऱ्यांकडे पाहायला सांगितले. तुळईवरचा दिवा माझ्या पाठीमागे होता, त्यामुळे माझी स्वतःची काळी सावली पाचही पायऱ्यांवर पसरली होती. आणि त्या सावलीपलीकडे फाटकावरचा दिवा थेट डोळ्यांत. म्हणजे जिथे पाऊल पडायचे तिथे अंधार आणि जिथे पाहायचे तिथे झोत! तरण्याताठ्या डोळ्यांनाही हे साधले नसते, आणि माझे डोळे काही तरणे राहिलेले नाहीत. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्याच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. मग वृद्धांना अधिक प्रकाश हवा, हे माझे अनुमान चुकीचे नव्हते. पण अधिक प्रकाश आणि अधिक झगझगाट या दोन गोष्टी मी एकच समजलो होतो. शिवाय झगझगाटातून काळोखात गेलेल्या डोळ्याला पूर्ववत व्हायला वेळ लागतो. दृष्टिपटलातील शलाका पूर्ण सरावायला अर्धा तास आणि त्याहूनही अधिक. फाटकाबाहेरचा रस्ता आमच्या घरातून निघणाऱ्यांना विहिरीसारखा काळा दिसे तो यामुळेच.

येथून आमच्या वायरमनचा प्रवेश. वसाहतीत त्यांना सारे 'मामा' म्हणतात. ते आले, खांबावरच्या दिव्याकडे पाहिले आणि म्हणाले, "काय ओ डॉक्टर, क्रिकेट खेळायचंय काय हितं?" नंतर त्यांनी दिवा उतरविला आणि गप्प झाले. आतली भूयोजनाची हिरवी तार तोडून, चिकटपट्टी गुंडाळून तशीच ठेवलेली होती. कुठेच जोडलेली नव्हती. २३० व्होल्टचा धातूचा दिवा, भिजणारा खांब, त्याला खिळलेले लोखंडी फाटक, आणि ते फाटक रोज ओल्या हातांनी उघडणारी दूधवाली बाई. एक पावसाळा त्यावरून जाण्यापूर्वी आईने पडून आम्हांला थांबविले, असेच म्हणायला हवे.

या ठिकाणी थोडे थांबतो, कारण याबाबतीत आपल्या घरांतून फार गैरसमज आहेत. "आमच्याकडे एमसीबी आहे" असे लोक निर्धास्तपणे सांगतात. एमसीबी हा तारेचा रक्षक आहे, माणसाचा नव्हे. सहा अँपिअरचा एमसीबी सहा अँपिअरपर्यंत काहीच बोलत नाही. आणि माणसाला एक मिलिअँपिअरला झिणझिणी कळते, दहाच्या आगेमागे स्नायू आखडून धरलेली वस्तू सुटत नाही, आणि प्रवाह काही क्षण टिकला तर एका अँपिअरच्या दहाव्या हिश्श्यात हृदयाची लय बिघडू शकते. माणसासाठी लागतो तो आरसीसीबी. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत तीस मिलिअँपिअरची तफावत दिसताच तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत वीज तोडतो. त्यावर एक चाचणीची कळ असते; ती अधूनमधून दाबून पाहायची असते. आमच्या घरी तो होता. पण बाहेरच्या दिव्यांची तार त्याला वळसा घालून थेट मीटरवरून घेतलेली निघाली! मामांनी पहिल्या दिवशी केवळ एवढेच दुरुस्त केले आणि पैसे घेतले नाहीत.

अंगणातील दिवे चोवीस व्होल्टवर चालवायचे, हे त्याच दिवशी ठरले. ओल्या जमिनीत, ओल्या पायांशी, चुकून कुदळ लागली तरी जीव जाऊ नये यासाठी.

मामांची पद्धत मला शस्त्रक्रियेपूर्वीच्या नियोजनासारखी वाटली. त्यांनी आधी एक चरही खणला नाही. काळोख पडल्यावर ते विजेरी घेऊन आले, सगळे दिवे मालवायला लावले आणि आईला पडवीत खुर्चीवर बसविले. "आक्का, कुठं धरू सांगा." विजेरी डोक्याच्या उंचीवर धरली की आई तोंड फिरवी. कमरेशी धरली की म्हणे, "अजून खाली." गुडघ्याच्या खाली, भोकाची दिशा जमिनीकडे केल्यावर ती म्हणाली, "हं, आता कंदिलासारखं झालं." खरोखरच! लहानपणी आम्ही कंदील हातात लोंबता धरूनच शेताच्या बांधावरून चालत असू. तो डोळ्यांसमोर धरला तर वाट दिसत नाही, हे कोणी शिकविले नव्हते. चार पावलांत कळे. इतकी साधी गोष्ट मी पाच हजार ल्युमेनच्या नादात हरवून बसलो होतो.

त्या रात्री विटकरीचे तुकडे ठेवून जागा ठरल्या. पायऱ्यांना वरून उजेड न देता बाजूच्या कठड्यात, पायरीपासून वीतभर उंचीवर, खाली तोंड असलेले चार दिवे, प्रत्येकी दोन वॅटचे. बाजूने आलेल्या उजेडात पायरीची कड उठून दिसते, आणि उतरणाऱ्याची सावली पायरीवर न पडता शेजारी पडते. वाटेवर टोपी असलेले, मांडीएवढ्या उंचीचे आठ दिवे, तीन-तीन वॅटचे, आठ-नऊ फुटांच्या अंतराने आणि समोरासमोर न ठेवता आलटून पालटून. समोरासमोर ठेवले की विमानाच्या धावपट्टीची कळा येते. फाटकाच्या कडीवर एक. आंब्याच्या खोडावर एक असावा हा माझा हट्ट. तो मामांनी नाइलाजाने मान्य केला. एकूण भार चाळीस वॅटच्या आतबाहेर, म्हणजे पूर्वीच्या एका फ्लडलाइटहूनही कमी.

तारेच्या जाडीवरून आमचा वाद झाला. घरात पाऊण चौरस मिलिमीटरची तार शिल्लक होती, ती वापरू असे मी म्हटले. मामांनी अंगणात ती तीस मीटर पसरली, बारा व्होल्टचा एक जुना ट्रान्सफॉर्मर जोडला आणि सगळे दिवे टोकाशी लावून दाखविले. ते लालसर मिणमिणत राहिले. हिशेब सोपा आहे. जाऊन येऊन साठ मीटर तारेचा रोध सुमारे दीड ओहम. तीन-साडेतीन अँपिअरला वाटेतच पाच व्होल्ट गळतात. बारांतले पाच! चोवीस व्होल्ट घेतले की प्रवाह निम्मा होतो, आणि तार अडीच चौरस मिलिमीटरची घेतली की गळती पाऊण व्होल्टवर येते. अरुंद धमनीच्या पुढे नाडी का लागत नाही हे ज्याला समजते त्याला हे समजायला हरकत नव्हती. मी निमूटपणे जाड तार आणली.

चर फूटभर खोल खणून तार नळीतून घातली, वर वाळू आणि विटांचा एक थर दिला. झाडांच्या मोठ्या मुळ्या तोडायच्या नाहीत, वळसा घ्यायचा, हे आईने बजावले होते. तार कोठून कशी जाते याचा नकाशा, भिंतीपासूनच्या मापांसह, मी कागदावर काढून वीजबिलांच्या फाइलीत लावला आहे. दहा वर्षांनी कोणी माळी तेथे खड्डा खणील तेव्हा त्याला तो उपयोगी पडेल.

दिव्यांचा खरा शत्रू मात्र पाणी. खोक्यावर आयपी ६५ किंवा ६७ असे लिहिलेले असते. पहिला आकडा धुळीविषयीचा, दुसरा पाण्याविषयीचा. पाच म्हणजे पाण्याचा फवारा सोसणारा आणि सात म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालणारा. हे आकडे खोटे नसतात, पण ते दिव्याविषयीचे असतात, आपण मारलेल्या जोडाविषयीचे नव्हेत. चिकटपट्टी गुंडाळून जमिनीत पुरलेला जोड एक पावसाळाही काढीत नाही. शिवाय दिवा श्वास घेतो. रात्रभर तापलेला दिवा पहाटे थंड झाला की आतली हवा आकसते आणि बाहेरची दमट हवा, कधी तारेच्या पदरांमधून पाणीच, आत ओढले जाते. म्हणून आमचे सगळे जोड जमिनीपासून फूटभर वर, भिंतीवरच्या पेटीत आहेत, आणि दिव्यात शिरण्यापूर्वी तारेला खाली लोंबता झोल दिला आहे; थेंब तेथून गळून जातो. आंब्याखालचा माझा हट्टाचा दिवा जमिनीत गाडलेला, वर तोंड केलेला होता. पहिल्याच जुलैत त्याचे मत्स्यालय झाले. मामा काही बोलले नाहीत. हल्ली तेथे झाकण आहे.

रंग पिवळसर निवडला, २७०० केल्विनचा. दृष्टिपटलात केवळ पाहण्यासाठी नसलेल्या काही पेशी आहेत. ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश त्यांना सर्वाधिक जाणवतो आणि त्या मेंदूतील घड्याळाला "अजून दिवस आहे" असे कळवितात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ साली रस्त्यांवरील दिवेदेखील ३००० केल्विनपलीकडे नसावेत आणि झाकलेले असावेत, असे सुचविले होते. मला हे सारे वाचून माहीत होते. पण आमचे दिवे काढल्यावर आठवड्याने शेजारचे निवृत्त मास्तर भेटले आणि अत्यंत संकोचाने म्हणाले, "डॉक्टर, आता झोप लागते हो." तुळईवरचा आमचा दिवा तीन महिने त्यांच्या शयनगृहाच्या खिडकीत उजाडत होता. त्यांनी जाड पडदा शिवून घेतला होता. तक्रार केली नव्हती. मी त्यांच्याच गुडघ्याचा डॉक्टर असल्याने बहुधा त्यांना ती करवली नसावी.

किड्यांचेही तसेच. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेल्या वाळवीचा जो लोंढा फ्लडलाइटवर येई, तो आता फारसा नाही. किडे दिव्यावर भाळून येतात अशी आपली समजूत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिवेगवान चित्रणावरून असे दिसले की ते दिव्याकडे पाठ करून उडतात. आकाश उजळ, म्हणून उजेडाकडे पाठ म्हणजे आपण सरळ, एवढाच त्यांचा हिशेब. दिवा जवळ असला की तो चुकतो आणि ते गोल गोल फिरत राहतात. उडणे चुकलेल्या किड्यांवर बेडूक आणि पाली टपलेल्या असतात, आणि बेडकांच्या मागावर कोण येते हे आपल्या भागातील डॉक्टरांना सांगायला नको. फाटकाजवळचा दिवा म्हणूनच पायवाटेपासून थोडा दूर, कडी दिसेल इतपतच आहे.

वाटेवरचे दिवे साडेदहाला घड्याळाने बंद होतात. नंतर पायऱ्यांवरचे तेवढे, कोणी आले तरच, शरीराची ऊब ओळखून लागतात. शेजारचे मांजर रात्री दोनदा त्यांची परीक्षा घेते. महिन्याला पाच युनिटही खर्च होत नाहीत. पूर्वीचे दोघे रात्रभर जळत तेव्हा तीसच्या वर होत.

आई आता त्र्याऐंशीच्या घरात आहे. मनगट किंचित वाकडे राहिले आहे. त्याने काही अडत नाही, असे ती म्हणते, आणि मी त्याकडे फार वेळ पाहत नाही. तुळशीपाशी मात्र तिने दिवा लावू दिलेला नाही. तेथे निरांजनच. मामांनी एक छोटा, कोनाड्यात लपेल असा दिवा आणून दाखविला तेव्हा ती म्हणाली, "अरे, मग मी कशाला जाऊ तिकडं?"

चौथ्या पायरीजवळचा दिवा गेल्या आठवड्यापासून लुकलुकतो आहे. पेटीत मुंग्यांनी घर केले असावे, असे मामांचे निदान आहे. रविवारी येतो म्हणालेत. तोवर मी दवाखान्यातून लवकर येऊन तिन्हीसांजेला पायरीपाशी विजेरी धरून उभा राहतो, गुडघ्याच्या खाली.